जयाचं पथ्य

घाटकोपर, मुंबई
२२ जून १९८६

रत्नू,

पार्सल पोचलं. सोलं पोचली, कुळथाचं पीठ पोचलं, आणि सुका जवळा पोचण्याआधीच त्याचा वास टेकडी चढून वर आला. फक्त चिठ्ठी पोचली नाही, कारण ती तू घातलीच नव्हतीस. पिशवी मी उलटी करून झटकली. एक झुरळ पडलं. मालवणचंच असणार, पडल्या पडल्या भांडायला उभं राहिलं. तू चार यत्ता शिकलेली, आणि मी पहिल्याच दिवशी मास्तरांची मिशी बघून खिडकीतून उडी मारलेली. तरी पत्र मी धाडायचं आणि शिकलेल्या बाईने विसरायचं! बये, म्हातारपणी लोक चष्मा विसरतात. तू बहीणच विसरलीस.

अक्षर नवं दिसेल. आजवर माझी पत्रं बाळा लिहायचा. आईचं पत्र लिहिताना जांभया देणारा लेक तुला ठाऊकच आहे. गिरणी गेली तेव्हापासून तो वॉचमनच्या ड्युटीवर असतो, दिवसा घोरत पडतो. म्हणून आता त्याची जया लिहिते. सातवीत गेली. शाळा सुरू झाली पण ती घरीच आहे, थोडा दम लागतो.

(थोडा नाही. – जया)

ती मध्येच काहीतरी खरडते आहे. मला वाचता येत नाही याचा फायदा घेते. असो.

तर पथ्य चालू आहे. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, भात बंद, केळं बंद, दही बंद. भजनातल्या बायका म्हणाल्या, आंबट बंद. सूनबाई नलिनी ज्या कारखान्यात पॅकिंग करते तिथली कोणी म्हणाली, दूध बंद, कफ होतो. खालच्या चाळीतल्या एकीने शेंगदाणे बंद केले, तिला कोणी विचारलंही नव्हतं. आता पोरीला खायला राहिलं काय? वारा. तोही नीट आत जात नाही.

एक तुझा जवळा मात्र आवडीने खाते. भाजून, कांदा घालून, भाकरीबरोबर. त्याला अजून कोणी बंद म्हटलेलं नाही, आणि मी कोणाला विचारतही नाही. भाकरीच्या पिठातसुद्धा चिमूटभर चुरून घालते. अंगाला काहीतरी लागायला नको?

पुढच्या वेळी चिठ्ठी आधी घाल, मग सोलं.

तुझी
जानकी


आचरे, ता. मालवण
११ जुलै १९८६

अक्का,

चिठ्ठी घातली होती गो! सोलांच्या पुडीभोवती गुंडाळली होती. तू ती पुडी सोडून कागद चुलीत घातला असशील. शाळेत न गेल्याचे हे परिणाम.

मी बरी आहे. एकटीचं घर, एकटीची पेज, एकटीशीच भांडण. त्यातही मीच हरते.

पण अक्का, मला खरं सांग. दम किती आहे? तू ‘थोडा’ म्हणालीस म्हणून मला झोप नाही. आपल्या अण्णाचंही थोड्यावरच सुरू झालं होतं. आई म्हणायची, वयात आला की जाईल. वयात येईपर्यंत तोच गेला. तू मागे जयाचा फोटो धाडलास ना, तो बघून मला धस्स झालं. बाळाची मुलगी, पण बाळासारखी नाही. अण्णाच तो, वेणी घातलेला.

रवळनाथाला गाऱ्हाणं घालून आले आहे. पोरीला बरं वाटेपर्यंत मी सुपारी सोडली. सुपारीशिवाय माझे दिवस कसे जातात ते मला ठाऊक, त्यामुळे पोरीने लवकर बरं व्हावं.

जवळा संपला तर कळव. तोंडाला चव आहे तर खाऊ दे.

तुझी
रत्नू


घाटकोपर
२४ जुलै १९८६

रत्नू,

तुझं पत्र जयाने घडाघडा वाचून दाखवलं. मध्ये एकदा खोकली, पान उलटलं, आणि एकदम सुपारीवर आली. तू सुपारी सोडलीस हे ऐकून मी इतकी हसले की शेजारची मीरा बघायला आली. देवाला एवढा मोठा नैवेद्य आजवर कोणी दिला नसेल.

इथे पथ्यात भर पडली आहे. वांगं गेलं, उडीद गेले. आता अंडंही गेलं. डॉक्टर येतात, इंजेक्शन देतात, दम बसतो, डॉक्टर जातात, दम उठतो. त्या दोघांचं वेळापत्रक ठरलेलं आहे. मी अडुळशाचा काढा देते. तो इतका कडू असतो की दम्याला नाही तर निदान जयाला तरी माझा धाक बसतो.

(काढा मी खिडकीतून ओतते. – जया)

काय लिहिलंस? सांग. ‘आजीची तब्येत चांगली आहे’ असं लिहिलं म्हणते. बरं.

जवळा अजून आहे. पोरीच्या गालावर मांस नाही, पण ताट पुसून खाते. तेवढं बघून माझा जीव भांड्यात पडतो.

तुझी
जानकी

ता. क. रत्नूआजी, मी जया. अण्णाआजोबांचं मी आजीला वाचून दाखवलं नाही. तिला वाईट वाटलं असतं. ते किती वर्षांचे होते? मी बारा वर्षांची आहे. उत्तर वेगळ्या कागदावर लिहा, मी ते आधी काढून घेईन.


आचरे
५ ऑगस्ट १९८६
(वेगळा कागद)

चि. जया,

बाय माझी, अण्णा चांगला बाप्या झाला होता, मिशी होती त्याला. आणि तो दम्याने नाही गेला, होडी उलटून गेला. मागच्या पत्रात मी काय लिहिलं ते मलाच आठवत नाही. तुझी रत्नूआजी विसरभोळी, विचार तुझ्या आजीला.

काढा पी. आणि आजीकडे लक्ष ठेव. ती हसते तेव्हा जास्त लक्ष ठेव.

रत्नूआजी


घाटकोपर
१ सप्टेंबर १९८६

रत्नू,

सुपारी खा! आज खा, दोन खा!

श्रावण लागला आणि पोरीची छाती मोकळी झाली. आधी मला खरं वाटेना. दोन दिवस बरी, चार दिवस बरी, मग पाण्याची कळशी घेऊन वर आली. मी ओरडले. म्हणते, आजी, मला काही होत नाही. शाळेत जायला लागली. बाईंनी तिला कवायतीतून सूट दिली होती, तर ही त्यांच्याशी भांडून रांगेत उभी राहिली.

आता श्रेय घ्यायला गर्दी झाली आहे. गल्लीतले डॉक्टर म्हणतात, माझं इंजेक्शन. भजनवाल्या म्हणतात, आंबट बंद केलं म्हणून. नलिनी म्हणते, दूध तोडलं म्हणून. बाळा म्हणतो, पावसाने टेकडीमागच्या खाणीची धूळ बसली. मी म्हणते, माझा काढा. तू म्हणशील रवळनाथ. म्हण बाई, त्याला नाराज करू नये.

श्रावण आपल्या घरी कसा पाळतात तुला माहीत आहे. ओलं नाही, सुकं नाही, जवळ्याच्या डब्याला फडकं बांधून माळ्यावर ठेवलाय. सोनूबाई कोळीण वर्सोव्याहून टोपली घेऊन येते ती आमच्या दारावरून तोंड फिरवून जाते, महिनाभर आमची ओळखच नाही जणू. जया वरणभात खाते. भात सुरू केला, काही झालं नाही. केळं दिलं, काही झालं नाही. मग मी डॉक्टरांना विचारणं सोडलं.

फक्त अंगाने भरत नाही. गौरी एकदा पाण्यात गेल्या की तिला जवळ्याची भाकरी करून घालते, मग बघ.

(काल मी टेकडी न थांबता चढले. खरंच. – जया)

तुझी
जानकी


घाटकोपर
१९ सप्टेंबर १९८६

रत्नूमावशी, मी मीरा, जानकीआजींच्या शेजारी राहते. जया इस्पितळात आहे, म्हणून आज मी लिहिते. जिवाला धोका टळला आहे. पुढचं सगळं आजींचं बोलणं, मी एक शब्द बदललेला नाही.

रत्नू,

आज मला खरं बोलता येतं, कारण लिहिणारी वेगळी आहे. इतके दिवस जिच्याबद्दल सांगायचं तीच पेन घेऊन समोर बसायची. तिच्या तोंडावर कसं सांगू की पोरीचा दम बघून मला भीती वाटते? म्हणून थोडा, थोडा करत बसले.

गौरी गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जवळा भाजला, वर ओलं खोबरं घातलं. महिनाभराची उपाशी असल्यासारखी जेवली. मला काय आनंद, सांगू! मी भांडी घेऊन बाहेर मोरीवर बसले. एवढ्यात आतून आवाज आला, फाटका भाता ओढल्यासारखा. जाऊन बघते तर पोर खिडकीचे गज धरून उभी. खांदे वर, गळ्याखालचा खळगा आत जातो आहे, ओठ जांभळं खाल्ल्यासारखे. बोलता येईना तर हाताने मला खूण करते. काय? तर, ‘घाबरू नको.’ मला! तीच मला सांगते!

मीराच्या नवऱ्याने, अंबादासने, तिला पाठीवर घेतली. रिक्षा त्याची, पण ती टेकडीवर चढत नाही. तो पायऱ्या उतरत होता आणि मी मागून एका पायात चप्पल घालून. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याला देव सोडून आणखी कोणाला हाक मारता आली पाहिजे होती.

मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई आहे. दोन दिवस नळ्या लावल्या. मग आम्हाला बसवलं आणि विचारलं, ‘आजी, महिनाभर बरी होती म्हणता. तेव्हा काय खात नव्हती?’ मी म्हटलं, बाई, काय खात होती ते विचारा, पटकन संपेल. ती हसली नाही. तेवढ्यात नलिनी हळूच म्हणाली, ‘श्रावणात मासळी नव्हती. सुकीपण नाही.’ डॉक्टरीणबाई लिहायची थांबली.

मग सांगितलं, काही माणसांना कोळंबी, जवळा, असलं काही पोटात गेलं की छातीतल्या नळ्या आवळतात. आधीच नाजूक असतात, थोड्यानेही चिडतात. आणि म्हणाली, ‘असेलच असं नाही. शोधावं लागेल.’

मी म्हटलं, पण तिला आवडतो हो! आवडतं तेच कसं बाधेल? ती म्हणाली, ‘जिभेला नळ्यांचं कुठे कळतं, आजी.’

रत्नू, जगाने पोरीच्या ताटातलं सगळं काढून घेतलं आणि जे एक उरलं, ते मी लाडाने पिठात चुरत होते. आता मी घरी काय करू? या हातांना भरवण्याशिवाय काय येतं?

आणखी एक. तू अण्णाचं लिहितेस ते जया मला वाचून दाखवत नाही. तिला वाटतं मला कळत नाही. जिथे ती खोकते आणि पान उलटते, तिथे अण्णा असतो. त्याचं डोकं शेवटी माझ्याच मांडीवर होतं, मला कोण काय वाचून दाखवणार? तिला सांगू नको मला कळलं म्हणून.

जानकी


घाटकोपर
१६ ऑक्टोबर १९८६

रत्नू,

लिहिणारी परत आली. अक्षर बारीक झालं आहे, तीही.

डॉक्टरीणबाईचं पथ्य म्हणजे कोर्टकचेरी आहे. आधी सगळ्यांना बाहेर काढायचं, मग एकेक पदार्थ साक्षीदारासारखा आत बोलवायचा. छाती वाजली तर तो गुन्हेगार, नाही वाजली तर सुटला. पहिले दिवस फक्त पेज आणि कुळथाची पिठी. पिठी म्हणजे काय हे बाईंना मीच समजावलं. म्हटलं, आजाऱ्याचं अन्न, बाळंतिणीचं अन्न, डाळच म्हणा. म्हणाली, ‘डाळ असेल तर चालेल.’ मला कोण अभिमान! इस्पितळाच्या कागदावर आपल्या आईच्या पिठीचं नाव चढलं.

जवळ्याचा डबा मीराकडे दिला. घरात मासळी शिजत नाही. बाळा खानावळीत जाऊन बांगडा खातो आणि दारात येण्याआधी चूळ भरतो, चोरासारखा.

आणि तरीही, रत्नू, छाती वाजते. गौरीनंतर दम उठला तसा नाही, पण रोज संध्याकाळी शिटी. पायऱ्या चढताना तीनदा बसते. श्रावणात बरी होती तशी काही होत नाही. डॉक्टरीणबाई कागद बघते आणि कपाळाला बोट लावते. परवा म्हणाली, ‘मग जवळा नसावा. माझाच अंदाज चुकला असेल.’ मला तिची दया आली. एवढं शिकून तिचे हात माझ्याइतकेच रिकामे.

नलिनी नळावर उभी राहून रडली. तिथे पाण्याच्या आवाजात कळत नाही असं तिला वाटतं. बाळा म्हणतो, अन्नाचा काही संबंध नाही, ही हवाच मारते आहे. खाणीची धूळ, स्टोव्हचा धूर. रोज तेच भांडण, आणि ज्या पोरीवरून ते चालतं ती मध्ये बसून गणितं सोडवते.

शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाली, हवापालट करून बघा. म्हणून विचारते. दिवाळी झाली की पोरीला तुझ्याकडे धाडू? बाळाने रातराणीत जागा धरून ठेवली आहे. शाळा बुडेल, बुडू दे. तुझ्या अंगणात तरी ती श्वास घेईल.

(मला यायचं आहे. मी समुद्र नुसता चौपाटीवरचा पाहिला आहे. अंगात ताकद यावी म्हणून रोज दोन वाट्या पिठी पिते. पिठी मला आवडते, ती मी खिडकीतून ओतत नाही. – जया)

तुझी
जानकी


आचरे
२६ ऑक्टोबर १९८६

अक्का,

धाड! विचारतेस काय? आजच धाड!

तुझं पत्र आलं तेव्हापासून मी बसलेली नाही. पडवीतली खोली सारवली, अंथरुणं उन्हात घातली, तिच्या उंचीचा आरसा खाली टांगला. उंची किती ते ठाऊक नाही म्हणून अण्णाच्या उंचीवर टांगला. शाळेत बाईंना भेटून आले, म्हणाल्या येऊ दे वर्गात बसायला. तीस वर्षं या घरात कोणी ‘भूक लागली’ म्हटलेलं नाही. आता म्हणेल.

हवेची काळजी सोड. आणि खाण्याचीही सोड. जवळा तिला दाखवणारसुद्धा नाही, डबा माळ्यावर टाकला आहे. पिठीच देईन, रोज, कढत कढत. मागच्या पार्सलात दिलं तसंच यंदाचं पीठ केलंय, आईच्याच रीतीने. तुला आठवते ना ती रीत, की तीही विसरलीस? आधी खापरीत जवळा भाजून काढायचा आणि मग त्याच तापल्या खापरीत, न धुता, न पुसता, कुळीथ. मातीचं भांडं पाणी पितं, धुतलं की चव गेली. म्हणून तर आपल्या पिठाला तो वास! शेजारणी विचारतात, काय घालता हो? मी म्हणते, काही नाही, आमच्या आईचा हात.

अण्णाला दम लागला की आई हीच पिठी पाजायची. आणखी काही त्याच्या घशाखाली उतरतच नसे.

बाळाला सांग, एसटी फाट्यावर थांबते तिथे मी उभी असेन. जयाला म्हणावं, हिरवी छत्री असलेली म्हातारी, ती मी.

तुझी
रत्नू


घाटकोपर
५ नोव्हेंबर १९८६

रत्नू,

आधी बस. खुर्ची नाही, जमिनीवर बस.

तुझं पत्र जयाने काल वाचलं. या वेळी खोकली नाही, पान उलटलं नाही. ‘न धुता, न पुसता’पर्यंत आली आणि थांबली. मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, वाच की. तिने तेच वाक्य पुन्हा वाचलं. मग पुढचंही वाचलं, अण्णाचंही, सगळं. आवाज सरळ ठेवून. मी तिच्याकडे बघितलं नाही, तिने माझ्याकडे बघितलं नाही. नलिनी उठली, पिठाचा डबा उघडला, नाकाशी नेला आणि माझ्यापुढे धरला.

रत्नू, मला तो वास लहानपणापासून पाठ आहे. आजवर मला वाटत आलं की कुळथालाच तो वास असतो.

डॉक्टरीणबाईकडे गेलो. तिला खापरी सांगितली. ती आधी हसली, मग आपण हसलो याचंच तिला वाईट वाटलं. म्हणाली, ‘मी पिठी म्हणजे काय विचारलं. कशात भाजतात ते विचारलं नाही.’ आम्ही तरी कुठे सांगितलं? बोलावलेले सगळे साक्षीदार निर्दोष होते आणि चोर पंचांच्याच खिशात बसला होता. कण एवढासा असला तरी एखाद्याच्या नळ्यांना पुरतो म्हणे.

आता तू रडशील. रड. पण पत्रावर रडू नको, जयाला अक्षर लागत नाही. आणि ‘मी पोरीला मारलं असतं’ असलं काही लिहू नको, कारण ते तिलाच वाचावं लागेल. खापरी आईची, भाजणारी तू, शिजवणारी मी. तिघींनी मिळून जीव लावला. जीव लावण्यात काही कमी केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं, आणि हे कोणाला सांगावं ते कळत नाही.

तुझं पत्र यायच्या आधीच डब्यातलं पीठ तळाला गेलं होतं, म्हणून नलिनी चार दिवस नुसती पेज देत होती. त्या दिवसांत शिटी नव्हती. आमच्या लक्षातही आलं नाही, वाजत नसलेल्या गोष्टीकडे कोण कान देतं? मग दिवाळी. खालच्या गल्लीत पोरांनी फटाक्यांची माळ लावली, धूर पायऱ्या चढून वर आला आणि जयाला पुन्हा इंजेक्शन. या वेळी पोटात पेजेशिवाय काही नव्हतं. मी डॉक्टरीणबाईला म्हटलं, मग हे काय? ती म्हणाली, ‘आजी, एक दार सापडलं, ते बंद केलं. घराला दारं किती आहेत ते मलाही माहीत नाही.’

म्हणून पोर येत नाही.

विचारलं मी. दोनदा विचारलं. म्हटलं, माझी बहीण मासळी शिजवणार नाही, जवळ्याला हात लावणार नाही. डॉक्टरीणबाईने विचारलं, आणि शेजारी? तुझ्या वाडीत प्रत्येक अंगणात जवळा पसरलेला, प्रत्येक चुलीवर संध्याकाळी तोच भाजायचा, आणि वारा खाडीकडून सरळ पडवीत. ती म्हणाली, काहींना भाजतानाची वाफसुद्धा पुरते, आणि तिथून इस्पितळ लांब. इथलं अन्न सांभाळावं तर हवा धुराची, तिथली हवा घ्यावी तर तिच्यात जवळा. पोरीला ठेवू कुठे मधेच, पनवेलला?

बाळाने एसटीची जागा सोडली. जयाने दप्तरातून एक नवा फ्रॉक काढला, तुझ्याकडे यायला ठेवलेला, आणि घडी न मोडताच परत ठेवला कपाटात.

(रत्नूआजी, आरसा काढू नका. – जया)

खोली सारवलीस, ती मला दिसते. फाट्यावर हिरवी छत्रीही दिसते. ती मिटून घरी जा गो. मला लिहिता येत असतं तर हे पत्र तिच्या हातून लिहून घेतलं नसतं.

तू काहीतरी पाठवल्याशिवाय राहणार नाहीस, मी ओळखते. मग ऐक, आणि या वेळी विसरू नको. सोलं नको, पीठ नको, पोहे नको, लोणचं नको, फणसाचे साठ नको. कुटलेलं, दळलेलं, वाळवलेलं, भाजलेलं, काही नको. मागच्या दारी वेलावर लाल भोपळे धरले असतील, त्यातला एक पाठव. अख्खा. चिरू नको, चाखू नको, मीठ लावू नको. देठासकट तोड, विहिरीच्या पाण्याने धू आणि पोत्यात घालू नको, कुठलं पोतं आधी कशाचं होतं कोणाला ठाऊक. नव्या कापडात बांध आणि येणाऱ्याला सांग, मांडीवर घेऊन बस. सालीच्या आत जे आहे, त्याला अजून कोणाचा हात लागलेला नाही. तुझा नाही, माझा नाही, आईचा नाही. तेवढं पाठव.

जानकी